मोहिमा झाल्या, आकडे जुळायचे राहिले

१९७९ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या विमानतळावरून अमेरिकी संशोधन विमानं अरबी समुद्रावर जात होती. मोनेक्स या आंतरराष्ट्रीय मान्सून मोहिमेचे ते दिवस. समुद्रात जहाजं उभी होती, जहाजांवरून फुगे सुटत होते, विमानांतून छोट्या छत्र्यांना बांधलेली उपकरणं खाली सोडली जात होती. मान्सून समुद्रावर कसा जोर धरतो हे पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं जात होतं. त्या वर्षी देशात सरासरीच्या ८१ टक्के पाऊस पडला.

२००२ मध्ये आर्मेक्स ही आपली स्वतःची मोहीम झाली. पश्चिम किनाऱ्यावरची अतिवृष्टी नेमकी कशी घडते हे समजून घेणं हा तिचा एक मोठा हेतू होता. त्या वर्षीच्या जुलैत देशभर नेहमीच्या जेमतेम निम्माच पाऊस झाला आणि हंगाम पुन्हा ८१ टक्क्यांवर आटोपला. २००९ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची, म्हणजे आयआयटीएमची, कायपेक्स मोहीम सुरू झाली. ढगांत शिरून थेंब आणि धूलिकण मोजणारं विमान देशाच्या निरनिराळ्या भागांत फिरलं. त्या वर्षी पाऊस ७८ टक्के.

तीन महत्त्वाच्या मोहिमा, आणि तिन्हींच्या वाट्याला दुष्काळाची वर्षं आली. यात कोणाचाच दोष नाही. जहाजं, विमानं, निधी यांची जुळवाजुळव दोन-तीन वर्षं आधी करावी लागते आणि पाऊस त्यासाठी थांबत नाही. पण या तीन मोहिमांचे आकडे उद्या कोणी नुसते एका फाइलमध्ये ओतले आणि ‘हा घ्या भारताचा मान्सून’ म्हणून पुढे केले, तर हातात येईल तो दुष्काळातला मान्सून. तेच आकडे प्रत्येक दिवसाची परिस्थिती, प्रत्येक उपकरणाचा स्वभाव आणि प्रत्येक वर्षाचा संदर्भ यांच्यासकट नीट जुळवले, तर दुष्काळाच्या वर्षी समुद्रावर काय घडतं याचा असा पुरावा मिळेल की तो जगात दुसऱ्या कोणाकडे नसेल. कच्चा माल दोन्हीकडे एकच आहे. मधलं जुळवण्याचं काम कोणी केलं की नाही, यावर सगळं ठरतं.

हे काम आपल्याकडे कोणाचंच नाही, आणि ते कोणाचं तरी असायला हवं, हे मला या लेखात मांडायचं आहे. नवी मोजमापं घेण्यासाठी सरकार पैसा देतं. घेतलेली मोजमापं एकमेकांशी तुलना करण्याजोगी करण्यासाठी वेगळा निधी नाही, वेगळी पदं नाहीत आणि त्या कामाला विज्ञान म्हणून मानही नाही. हे संशोधकांचं घरगुती दुखणं असतं तर त्यावर लिहायची गरज नव्हती. पण हवेविषयी, पावसाविषयी आपण समाज म्हणून जे निर्णय घेतो ते याच आकड्यांवर उभे असतात.

जुळवणं म्हणजे नेमकं काय, ते एका तारखेवरून कळेल. २६ जुलै २००५ ही तारीख मुंबईत कोणालाच सांगावी लागत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पंचाहत्तरच्या आतच. पण हवामान खात्याच्या दैनिक नोंदींत हा ९४४ चा आकडा २७ जुलैसमोर दिसतो. कारण खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि तेव्हा मोजलेलं पाणी त्या दिवशीच्या तारखेला लिहिलं जातं. ही पद्धत जुनी आहे, पक्की आहे आणि तिच्यात काही गैर नाही. उपग्रहांचा दिवस मात्र बहुधा जागतिक वेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. जहाजावरचा संशोधक आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्री तारीख बदलतो. या तिघांच्या नोंदी नुसत्या तारखेवरून शेजारी ठेवल्या, तर जहाजाने ज्या दिवशी मुसळधार पाऊस पाहिला त्या दिवशी किनाऱ्यावर कोरडं दिसेल आणि दुसऱ्या दिवशी उलट. मग कोणी तरी हुशार माणूस ‘समुद्रावरचा पाऊस किनाऱ्यावर एक दिवस उशिरा पोहोचतो’ असा शोध लावेल. हवेत असं काही घडलेलं नसेल, ते नुसतं वहीत घडलेलं असेल.

एका जुन्या मोहिमेच्या फाइली हाताळताना मी हे जवळून पाहिलं आहे. नाव घेत नाही, कारण त्यात काम केलेली माणसं तळमळीची होती. फाइलच्या माथ्यावर रकान्यांची नावं होती, एककं होती, जहाजाचं स्थान होतं. वेळ भारतीय की जागतिक, एवढंच लिहायचं राहिलं होतं. शेवटी तापमानाच्या रकान्यात दुपारचा उच्चांक किती वाजता येतो ते पाहून अंदाज बांधावा लागला. भर समुद्रात दिवसरात्रीच्या तापमानातला फरक इतका कमी असतो की तो अंदाजही छातीठोकपणे सांगता येत नव्हता. एक ओळ लिहिलेली असती तर दोन आठवड्यांचं काम दोन मिनिटांत झालं असतं.

वेळ झाली की आकारमानाचा प्रश्न. ‘एका घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम’ असं आपण सहज म्हणतो. पण तो घनमीटर कुठला? महाबळेश्वरला आयआयटीएमची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा दहा-पंधरा टक्के विरळ. काही गट प्रत्यक्ष तिथल्या हवेचा घनमीटर धरतात, काही जण प्रमाण दाब आणि प्रमाण तापमानाला आणून आकडा देतात. तोच कण, तीच हवा, आणि आकड्यात तेवढा फरक. पाच-साडेपाच किलोमीटरवर उडणाऱ्या विमानात हवेचा दाब निम्म्यावर येतो, तिथे हा गोंधळ आकडा दीडपटीहून जास्त बदलून टाकतो. शिवाय कण ओल्या हवेत मोजले की सुकवून, हाही मुद्दा आहेच. कोकणाच्या किनाऱ्यावर मे महिन्यात मिठाचे कण पाणी शोषून टम्म फुगलेले असतात. आत येणारी हवा गरम करून घेणारं यंत्र त्यांना सुकवून मोजतं आणि वजन कमी दाखवतं. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी खरी बोलत असतात.

सगळ्यात अवघड भाग उपकरणांच्या स्वभावाचा. काळा कार्बन, म्हणजे डिझेल, चुली, पालापाचोळा यांच्या धुरातली काजळी, हवेत किती आहे ते मोजायला एथेलोमीटर नावाचं यंत्र सर्रास वापरतात. आत कागदासारख्या पट्टीची गुंडाळी असते. हवा पट्टीच्या एका ठिपक्यातून ओढली जाते, ठिपका काळा पडत जातो आणि तो किती वेगाने काळा पडतो त्यावरून यंत्र काजळी मोजतं. ठिपका पुरता काळा झाला की पट्टी पुढे सरकते आणि पांढरा ठिपका समोर येतो. खोट अशी की जसजसा ठिपका भरत जातो तसतसं यंत्र काजळी कमी मोजायला लागतं. म्हणून आलेखात दर वेळी पट्टी सरकली की आकडा एकदम उडी मारतो आणि पुन्हा हळूहळू उतरतो. हवेत असं काहीच घडलेलं नसतं. ही चूक दुरुस्त करण्याची सूत्रं २००० नंतरच्या काळात एकामागोमाग आली, आणि कुठलं सूत्र वापरलं त्यावर उत्तर बदलतं. काही गट तर पट्टीचा नाद सोडून गाळणी कागद भट्टीत तापवतात आणि किती कार्बन जळाला ते मोजतात. तिथे तापवण्याचे टप्पे बदलले की त्याच नमुन्याचं उत्तर दुपटीपर्यंत फिरू शकतं.

याचा सार्वजनिक परिणाम आपण एकदा भोगला आहे. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये मालदीवजवळ इंडोएक्स ही मोठी मोहीम झाली. अमेरिकेत काम करणारे हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन आणि आपले भौतिकशास्त्रज्ञ ए. पी. मित्रा तिच्या नेतृत्वात होते. भारतीय उपखंडातून निघालेली धुरकट हवा हिवाळ्यात हिंदी महासागरावर थेट विषुववृत्तापर्यंत पसरते, हे तिने दाखवून दिलं. हा खरोखर महत्त्वाचा शोध होता आणि आजही आहे. पण २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल आला, ‘आशियाई तपकिरी ढग’ हे नाव जगभरच्या मथळ्यांत झळकलं आणि मान्सून बिघडण्यापासून पिकं घटण्यापर्यंत सगळं त्या ढगाच्या माथी मारलं जाऊ लागलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले हवामानशास्त्रज्ञ जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ या दोघांनी त्याच वर्षी जाहीरपणे प्रश्न विचारले. एका हिवाळ्यातल्या मोजमापांवरून, तीही पावसाळ्याच्या कितीतरी आधीची, एवढी मोठी विधानं कशी करता, असा त्यांचा सूर होता. पुढे त्या नावातलं ‘आशियाई’ काढून ‘वातावरणीय’ करण्यात आलं.

तो वाद मला अजूनही अस्वस्थ करतो, कारण दोन्ही बाजूंना ज्याची गरज होती ती गोष्ट कोणाच्याच हातात नव्हती. वर्षानुवर्षांची, एकाच मापाने मोजलेली, समुद्रावरची आणि जमिनीवरची सलग आकडेवारी. इस्रोचं एरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण, मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं होतं, ते चिकाटीने काम करत होतं. २००६ मध्ये मार्च ते मे या काळात इस्रोने आयकार्ब ही मोहीम काढली. ‘सागर कन्या’ जहाज, विमान आणि जमिनीवरची केंद्रं एकाच वेळी मोजत होती. पुढे २००८-०९ च्या हिवाळ्यात आणि २०१८ मध्येही तशा फेऱ्या झाल्या. म्हणजे आज आपल्या दोन्ही समुद्रांवर जवळपास वीस वर्षांत विखुरलेली, मेहनतीने घेतलेली मोजमापं आहेत. १९९९ पासून आजवर त्या धुरकट हवेत काजळीचा वाटा वाढला की घटला, या साध्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मात्र संशोधकाला प्रत्येक मोहिमेची यंत्रं, सूत्रं आणि घनमीटर एका पायावर आणावे लागतात. ते ज्याचं त्याने आपापल्या खोलीत करायचं, आणि पुढच्याने पुन्हा पहिल्यापासून करायचं. मधल्या काळात आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत आपल्याकडे बोट दाखवलं गेलं की आपण नवी मोहीम जाहीर करतो.

हे अशक्य काम आहे, असं मात्र कोणी म्हणू नये. वायू मोजणाऱ्या मंडळींनी ते कधीच करून दाखवलं आहे. गोव्यात काबो द रामच्या किनाऱ्यावर १९९३ पासून सुमारे दहा वर्षं काचेच्या कुप्यांत हवा भरली जात होती. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं ते काम, आणि कुप्या तपासल्या जात ऑस्ट्रेलियात. पुढे आयआयटीएमने सिंहगडावर तसेच नमुने घ्यायला सुरुवात केली. गोव्याचा किनारा आणि सह्याद्रीचा माथा, मध्ये बरीच वर्षं गेलेली, तपासणाऱ्या प्रयोगशाळा वेगळ्या, तरी या दोन ठिकाणचा कार्बन डायऑक्साइड शेजारी ठेवून पाहता येतो. कारण जगभरच्या प्रयोगशाळा आपली यंत्रं ज्या संदर्भ सिलिंडरांवर, म्हणजे वायूचं प्रमाण नेमकं ठाऊक असलेल्या हवेच्या टाक्यांवर, लावतात त्यांचं मूळ एकच असतं, आणि तेच सिलिंडर या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत फिरवून कोणाचं उत्तर किती सरकतंय ते तपासलं जातं. उत्तर गोलार्धात दोन प्रयोगशाळांमधला फरक दहा लाखांत ०.१ भागाच्या आत असावा अशी त्यांची अपेक्षा आहे. ती मूळ मोजपट्टी अलीकडेच सुधारली तेव्हा आजच्या पातळीला सगळे आकडे दहा लाखांत ०.१८ भागाच्या आसपास वर सरकले. साखळी शाबूत असल्यामुळे जुन्या नोंदीही नव्या मोजपट्टीवर नेता आल्या.

कणांच्या बाबतीतही वाट सापडते. समुद्रावरच्या हवेतून सूर्यप्रकाश किती गाळला जातो हे मोजायला जहाजावर हातात धरायचं छोटं यंत्र वापरतात. डेकवर उभं राहून, पाय रोवून, यंत्राच्या चौकटीतल्या फुलीवर सूर्याचा ठिपका धरून ठेवायचा. जहाज डोलतं, ठिपका निसटतो, आणि निसटला की प्रकाश कमी दिसून हवा असते त्याहून गढूळ ठरते. म्हणून लागोपाठ अनेक नोंदी घ्यायच्या आणि त्यातल्या सर्वांत कमी गढूळपणा दाखवणाऱ्यांवर भरवसा ठेवायचा. काचेवर खारं पाणी उडालं असेल तर ते पुसलं होतं का, हेही महत्त्वाचं. हवेतले कण मोजणाऱ्या केंद्रांच्या नासाच्या एरोनेट जाळ्याने जगभरच्या जहाजांवरच्या अशा नोंदी एकत्र आणायचं ठरवलं. यंत्रं संदर्भ यंत्राशी ताडून पाहायची, कच्च्या नोंदी एकाच पद्धतीने प्रक्रियेत घालायच्या, ढगाची सावली आलेल्या नोंदी एकाच नियमाने गाळायच्या आणि उरलेलं सर्वांना खुलं करायचं. सर्वत्र महागडी केंद्रं उभारली नाहीत, जे मोजलं जात होतंच त्याला शिस्त लावली. आज उपग्रहांचे समुद्रावरचे आकडे त्या नोंदींशी पडताळले जातात.

आणि ही शिस्त आपल्याला परकी नाही. हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. पुणेकर ज्याला अजून शिमला ऑफिस म्हणतात तिथे त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, कारण एका गावचा पर्जन्यमापक आणि दुसऱ्या गावचा पर्जन्यमापक एकाच मापाने बोलला पाहिजे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशभर सूर्यप्रारण मोजणारी केंद्रं उभी केली, ओझोन मोजणारा फुगा भारतात घडवला, आणि पुढे देशभरची सौरऊर्जेची आकडेवारी संकलित करून छापली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्यांचं मत होतं. आज सौर प्रकल्पांच्या जागांची चर्चा होते तेव्हा तिच्या मुळाशी त्यांनी केलेलं हे जुळवण्याचं काम आहे. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण त्या ज्या प्रकारचं काम करत होत्या त्यासाठी आज एखाद्या तरुण मुलीला नोकरी मिळेल का, याचं उत्तर मला होकारार्थी देता येत नाही.

घोडं अडतं ते इथेच. मोहिमेला मुदत असते, निधी तिच्यासोबत संपतो. संशोधक विद्यार्थी आपला प्रबंध पुरा करतो आणि परदेशी किंवा खासगी नोकरीत जातो. आकडे कुठल्या तरी डिस्कवर बासनात बांधून राहतात. दुसऱ्याच्या जुन्या नोंदी स्वच्छ करण्यात तीन वर्षं घालवणाऱ्याला बढतीच्या मुलाखतीत ‘नवीन काय केलं?’ असं विचारतात. सगळा दोष व्यक्तींवर ढकलून भागणार नाही, व्यवस्थेने ज्याला किंमत दिली तेच माणसं करतात.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला विश्वासाचा. जुने आकडे दुरुस्त करायचे म्हटलं की लोकांना वाटतं, हवे तसे फिरवले. हवामान बदलाच्या वादात हा संशय जगभर उकरला गेला आहे. त्याला उपाय एकच: मूळ आकडा कधीही पुसायचा नाही, दुरुस्ती शेजारच्या रकान्यात द्यायची आणि तिचं कारण, सूत्र, तारीख जाहीर ठेवायची. कच्ची नोंद जपण्याचं दुसरं, त्याहून मोठं कारण आहे. ढगात शिरणाऱ्या विमानांवरच्या जुन्या यंत्रांच्या तोंडावर बर्फाचे स्फटिक आपटून फुटत आणि त्यांचे तुकडेच स्फटिक म्हणून मोजले जात. हे पुढे लक्षात आलं. तुकडे एकापाठोपाठ घोळक्याने येतात, त्यामुळे वेळेवरून ते ओळखता येतात. पण ज्या मोहिमांनी प्रत्येक कणाची वेळ जपली होती त्यांनाच हे करता आलं. ज्यांनी सेकंदाची सरासरी तेवढी ठेवली त्यांचे आकडे कायमचे संशयित राहिले.

दुसरा आक्षेप हक्काचा. ज्याने उलट्या सोसत महिनाभर जहाजावर काढला, त्याच्याआधी दुसऱ्या कोणी त्याच्या आकड्यांवर शोधनिबंध का लिहावा? रास्त आहे. त्याला दोन वर्षं राखून द्या, नंतर मात्र आकडे खुले झाले पाहिजेत आणि वापरणाऱ्याने त्याचं नाव घेतलंच पाहिजे. सरकारी पैशातून गोळा झालेली माहिती लोकांना मिळावी हे धोरण केंद्राने २०१२ मध्येच स्वीकारलं आहे. हवामान खात्याची पावसाची चौकटवार, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून दिलेली, आकडेवारी पुण्याहून आज कोणालाही उतरवून घेता येते, आणि तिच्यावर जिल्हा पातळीवरचा विद्यार्थीसुद्धा काम करतो. दार उघडलं म्हणून खात्याचं काही बिघडलं नाही. उपग्रह आल्यावर हे जुनं हवंच कशाला, असंही काही जण म्हणतात. त्यांना एवढंच सांगता येईल की १९७९ च्या अरबी समुद्रावर आता कुठलाही उपग्रह पाठवता येणार नाही.

शहरांच्या हवेचंही हेच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात धूळ इतके टक्के कमी करायची अशी लक्ष्यं ठरवली गेली. पूर्वीची मोजणी हाताने चालवायच्या यंत्रांवर, आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस. आताची अनेक केंद्रं स्वयंचलित, तासातासाला मोजणारी. ज्या शहरात सुरुवातीचा आकडा एका यंत्राचा आणि आजचा दुसऱ्याचा असेल, तिथे हवा सुधारली की यंत्र बदललं हे कळण्यासाठी दोन्ही यंत्रं एकाच गच्चीवर वर्षभर शेजारी चालवावी लागतात. हे न करता महापालिकांना बक्षीस किंवा दटावणी देणं अन्यायाचं आहे.

२०२४ मध्ये केंद्राने हवामानाची निरीक्षणं आणि अंदाज सुधारण्याच्या मिशन मौसमला दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपये मंजूर केले. रडार, नवी यंत्रं, संगणक, सगळं हवंच आहे. माझी मागणी आहे की अशा प्रत्येक कार्यक्रमातला ठरावीक हिस्सा, अगदी दोन टक्के का होईना, मागच्या मोहिमांच्या नोंदी एका मापावर आणण्यासाठी कायद्याने राखून ठेवावा. पुण्यात हवामान खात्याचं राष्ट्रीय माहिती केंद्र आहे, आयआयटीएम आहे, विद्यापीठ आहे. या कामासाठी कायम पदांचा एक गट तिथे उभा करता येईल. त्याने पहिल्या वर्षी नव्या कुठल्याही मोजमापाच्या फंदात पडू नये. इंडोएक्सच्या वेळी पस्तीस-चाळिशीत असलेली माणसं आता निवृत्त झाली आहेत किंवा होत आहेत. कुठलं यंत्र मधेच बिघडलं होतं, कुठल्या दिवशी जहाजाचा स्वतःचाच धूर नळीत गेला, हे त्यांच्या डोक्यात आणि त्यांच्या खासगी वह्यांत आहे. आधी त्यांच्या घरी जावं, वह्यांची छायाचित्रं घ्यावीत, त्यांच्याशी बोलून प्रत्येक फाइलच्या माथ्यावर राहिलेली ती ओळ लिहावी.

मोनेक्सला २०२९ मध्ये पन्नास वर्षं होतील. त्या वर्षी मोनेक्स, आर्मेक्स, आयकार्ब आणि कायपेक्स यांचे आकडे एका वेळेत, एका घनमीटरात, दुरुस्त्यांच्या जाहीर नोंदीसह कोणालाही उतरवून घेता येतील, असं पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने आजच जाहीर करावं आणि त्यासाठी माणसं नेमायला सुरुवात करावी.